वाढत्या मापाचा कॅमशाफ्ट

कॅमशाफ्ट या वस्तूशी माझं काही वाकडं नव्हतं. इतकी वर्षं मी ती न बघता सुखात काढली होती. आपल्या पोटात प्लीहा असते हे जसं आपल्याला ऐकून ठाऊक असतं, पण ती नेमकी कुठे असते हे विचारायला कुणी येत नाही, तसा गाडीत कॅमशाफ्ट असतो. तो तिथे बरा, आपण इथे बरे. पण ज्या दिवशी गॅरेजवाल्या उस्तादनं माझ्या गाडीच्या इंजिनाचं झाकण काढून आत बॅटरी मारली आणि 'च्यक्' असा आवाज केला, त्या दिवशी आमच्या घरातली शांतता संपली. हा 'च्यक्' करायचा अधिकार जगात दोघांनाच असतो, डॉक्टरला आणि मेकॅनिकला. तो केल्यावर दोघंही आधी सावकाश हात पुसतात आणि मग बोलतात. तेवढ्यात समोरचा माणूस अर्धा होतो.

"कॅम गेला, सर," उस्ताद म्हणाला.

"कुठे गेला?" मी विचारलं. मी चिडलो की असेच प्रश्न विचारतो. मी शाळेत भूगोल शिकवतो आणि वर्गात नुसता चष्मा काढला तरी पोरं गप्प बसतात. उस्तादसमोर मी चष्मा काढला तर त्यानं तो फडक्यानं पुसून परत दिला.

मग त्यानं मला तो दाखवला. एक लांब दांडा आणि त्यावर ओळीनं अंड्यासारखे उंचवटे. दांडा फिरला की उंचवटा झडपेला दाबतो, झडप उघडते, हवा आत जाते. उंचवटा पुढे गेला की झडप मिटते. माझ्या गाडीत असे दोन दांडे होते, एक हवा आत घेणाऱ्या झडपांचा आणि दुसरा धूर बाहेर सोडणाऱ्या झडपांचा. पहिल्याची अंडी झिजून लिंबं झाली होती. गेला महिनाभर बॉनेटखालून जी टकटक ऐकू येत होती ती यांचीच, आणि मी मात्र त्या टकटकीबद्दल बायकोच्या पर्समधल्या किल्ल्यांना दोष देत होतो.

एरवी मी म्हटलं असतं, बसव बाबा तसलाच दुसरा आणि मिटव. पण दोन गोष्टी आड आल्या. पहिली म्हणजे कंपनीचा अस्सल कॅमशाफ्ट यायला दीड-दोन महिने लागणार होते. आणि दुसरी, जिच्यामुळे माझं डोकं आधीच फिरलेलं होतं, ती म्हणजे हिची नोकरी.

ही म्हणजे माझी बायको. रक्त तपासण्याच्या प्रयोगशाळेत हिनं उभा जन्म घालवला. रक्त हिनं तपासायचं आणि खाली सही भलत्याच कुणी तरी करायची. आता डोंगरापलीकडच्या मोठ्या हॉस्पिटलात हिला प्रयोगशाळेची प्रमुख म्हणून नेमलं होतं. सही हिची. पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी सकाळी सातला रुजू व्हायचं होतं. तिथे जाणारी पहिली बस साडेआठच्या आधी पोचत नाही. हॉस्पिटलवाले मात्र भलतेच प्रेमळ. आवारातच एक खोली द्यायला तयार होते.

"गाडी धड असेल तर रोज घरी येईन," ही जेवताना म्हणाली. "नसेल तर खोली घेते. शनिवारी येत जाईन."

दूध संपलंय, असं सांगावं तितक्या सहज ती हे बोलली. मी 'बरं' म्हणालो. मला ते अजिबात बरं वाटलं नव्हतं. मुलं आपापल्या गावी गेली आहेत. घरात उरलो आम्ही दोघं. त्यातलं एक माणूस आठवड्याचे पाच-सहा दिवस डोंगरापलीकडे गेलं तर उरलेल्यानं चिडायचं कुणावर? भिंतीवर चिडून बघितलंय मी. मजा येत नाही.

तेव्हा गाडी धड करायची हे ठरलं. पण नुसती धड नाही. कारण त्याच्या आदल्याच रविवारी आमच्या कॉलनीच्या चढावर माझी गाडी धापा टाकत वर येत असताना साडूनं मला मागे टाकलं होतं. साडूची गाडी विजेवर चालते. आवाज नाही, धूर नाही, काही नाही. चोरासारखी बाजूला आली, काच खाली झाली, आणि आतून साडू म्हणाला, "काय दादा, ढकलू का?" शेजारी मेव्हणी हसत होती. साडू माझ्याहून लहान आहे. त्यानं हळू बोलायला हरकत नव्हती.

वास्तविक माझ्या गाडीला टर्बो आहे. टर्बो म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्याच जोरावर फिरणारा पंखा, तो आत जबरदस्तीनं हवा कोंबतो. असल्या गाडीनं साडूकडून ढकलून घ्यायचं म्हणजे काय? मी गाडी टर्बोसाठी घेतली नव्हती हे खरं, डिकी मोठी होती म्हणून घेतली होती. पण टर्बो आहे तर आहे. उस्ताद म्हणाला, "सर, बदलायचाच आहे तर भारीतला टाकू. बाहेरच्या कंपन्यांचे मिळतात, चार दिवसांत येतात." आणि त्यानं एक तेलकट कॅटलॉग माझ्या हातात ठेवला.

तो कॅटलॉग घेऊन मी घराच्या पायऱ्या चढतो न चढतो तोच वरच्या मजल्यावरचे पंपवाले भेटले. हे गृहस्थ पाण्याच्या पंपांच्या कारखान्यातून निवृत्त झालेत, आणि जगात जे जे काही आहे ते मुळात पंपच आहे असं त्यांचं मत आहे. माझ्या रक्तदाबाबद्दलही ते याच अंगानं बोलतात.

"इंजिन म्हणजे काय हो? पंप!" ते म्हणाले. "झडप जास्त वेळ उघडी राहिली की जास्त हवा. जास्त हवा की जास्त ताकद. मोठ्यातला मोठा घ्या. यात विचार कसला करायचा?"

मागून सोसायटीचे चेअरमन आले. त्यांनी कॅटलॉग उलटा धरून पाहिला आणि विचारलं, "याचा आवाज होणार नाही ना?" चेअरमनना आवाज सहन होत नाही. त्यांनी एकदा कबुतरांना नोटीस काढली होती, आणि कबुतरं वाचत नाहीत म्हणून ती जिन्यात लावली होती.

तर कॅटलॉग. त्यात माझ्या गाडीसाठी तीन प्रकारचे कॅमशाफ्ट होते. पहिला रोजच्या वापरासाठी. दुसरा हौशी लोकांसाठी. तिसरा शर्यतीसाठी. जसजसा आकडा वाढतो तसतशी अंडी मोठी होतात आणि झडपा जास्त वेळ उघड्या राहतात. आणि तिसऱ्यावर सूट होती. म्हणजे शर्यतीची जोडी आणि रोजच्या वापराची जोडी, एकाच किमतीला!

इथे आमच्या घराण्याबद्दल थोडं सांगायला हवं. आमच्याकडे कोणतीही वस्तू मापाची घेत नाहीत. वाढत्या अंगाची घेतात. शाळेत असताना माझे बूट इतके मोठे असत की मी चालायला लागल्यावर थोड्या वेळानं ते निघत. लग्नात मी घातलेला कोट मला आता कुठे अंगासरसा बसायला लागलाय. कुकर आणला तो वीस माणसांचा, जेवणारे दोघं. लहान वस्तू घेतली आणि उद्या कमी पडली तर? मोठी कधी कमी पडत नाही. या तत्त्वावर माझ्या वडिलांनी संसार केला आणि त्यांच्या विजारीला कायम नाडीबरोबर पट्टाही लागायचा. त्याच पैशात तिसरा मिळत असताना पहिला घेणारा माणूस आमच्या घरात जन्मलेला नाही.

हिनं मात्र कॅटलॉग माझ्या हातातून घेतला आणि बारीक अक्षरातला मजकूर वाचला. बारीक अक्षरं वाचायची हिला धंद्यामुळे सवय आहे.

"अहो, टर्बो असेल तर तिसरा घेऊ नका असं लिहिलंय."

"का?"

"यात आत घेणारी आणि बाहेर सोडणारी, दोन्ही झडपा बराच वेळ एकदम उघड्या राहतात. टर्बोच्या गाडीत धुराच्या बाजूला दाब जास्त असतो. म्हणजे धूर बाहेर जायच्या ऐवजी उलटा आत येणार. पुढचं दार आणि मागचं दार एकदम उघडं ठेवलं आणि मागच्या अंगणात कुणी कचरा पेटवला तर काय होईल?"

"आपल्याला अंगण नाही," मी म्हणालो.

"शिवाय गाडी कमी वेगाला मरगळणार, जोर येईल तो खूप वर गेल्यावर. तुम्ही पन्नासच्या वर गाडी नेली कधी?"

आता हे बोलायची गरज होती का? मी पन्नासच्या वर नेत नाही कारण मला नियमांचं भान आहे. मी तिला म्हटलं, "तू रक्त तपास. इंजिनाचं मला बघू दे." हे वाक्य मी मोठ्यांदा बोललो आणि लगेच फोन उचलून तिसऱ्या प्रकारची जोडी मागवली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण त्या क्षणी मी इतका चिडलो होतो की तिनं आणखी काही वाचून दाखवलं असतं तर मी दोन जोड्या मागवल्या असत्या.

कॅमशाफ्ट आले. दिसायला देखणे, चकचकीत, खोबरेल लावल्यासारखे. उस्तादनं ते हातात घेऊन उलटसुलट फिरवले आणि पुन्हा 'च्यक्' केलं.

"आता काय?"

"याला स्प्रिंगा कडक लागतील, सर. एवढ्या उंच कॅमवर जुन्या स्प्रिंगा झडप वेळेवर मिटवणार नाहीत. पिस्टन येऊन झडपेला धडकेल."

"आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही फोनच लगेच केलात."

स्प्रिंगांसाठी इंजिनाचा वरचा भाग उतरवावा लागला. आणि मेकॅनिकच्या भाषेतलं सर्वांत भयंकर वाक्य मी तेव्हा ऐकलं: "उघडलंच आहे तर..." उघडलंच आहे तर साखळी बदलू. उघडलंच आहे तर गास्केट नवीन टाकू. उघडलंच आहे तर पाण्याचा पंप बघून घेऊ. माझ्या आजोबांचं अपेंडिक्स काढलं तेव्हा सर्जन जर या विचाराचा असता तर आजोबा घरी पिशवीतून आले असते. पंपाचं नाव ऐकताच पंपवाले स्वतः गॅरेजमध्ये येऊन बसू लागले. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं. ते रोज येत, उस्तादला सूचना देत, आणि उस्ताद त्यांच्या समोर काम थांबवून अदबीनं ऐकत राही. अशानं तीन दिवसांचं काम दहा दिवस चाललं. साडूचा रोज फोन. "दादा, विकून टाका हो. मी ओळखीनं एक बघून देतो, माझ्यासारखीच."

एवढं झाल्यावर उस्ताद म्हणाला, गाडीच्या मेंदूला हे सगळं कळवावं लागेल. हल्लीच्या गाड्यांना मेंदू असतो. मालकाला असलाच पाहिजे अशी अट नाही. एक लॅपटॉपवाला आला. तो कुजबुजत बोलायचा. गाडीला तार जोडून बराच वेळ पडद्याकडे बघत राहिला आणि मग माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "गाडी गोंधळलीय."

"तिला म्हणावं, रांगेत उभी राहा. माझा नंबर पहिला," मी म्हणालो.

शेवटी गाडी सुरू झाली. म्हणजे, झाली आणि बंद पडली. पुन्हा झाली. उभ्या जागी ती अशी थरथरत होती की बॉनेटवर ठेवलेला उस्तादचा पाना चालत चालत कडेला गेला आणि खाली पडला. आवाज तर विचारूच नका. मधूनच एक ठोका गाळायची, मग दोन एकदम घ्यायची. लॅपटॉपवाल्यानं उभ्या गाडीच्या इंजिनाचा वेग वाढवून ठेवला तेव्हा कुठे ती बंद पडायची थांबली. गॅरेजमधले सगळे भोवती जमले आणि कौतुकानं माना डोलावू लागले. "शर्यतीची गाडी अशीच बोलते, सर!" कुणी तरी म्हणालं. मला शर्यतीत जायचं नव्हतं. मला बायकोला घरी आणायचं होतं.

घरी नेताना प्रत्येक सिग्नलला ती बंद पडली. हळू चालवली की हिसके देते, चढाला लागली की दम नाही. इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा चार हजारांच्या खाली असेपर्यंत तिच्यात जीवच नव्हता, आणि चार हजारांच्या वर मी आयुष्यात गेलो नव्हतो. कॉलनीच्या चढावर ती पूर्वी धापा टाकायची, आता सरळ बसली. चौघांनी ढकलून वर आणली. त्यातले एक चेअरमन होते आणि ते सबंध वेळ 'आवाज, आवाज' म्हणत होते. तळघरातल्या पार्किंगमध्ये मी ती लावली तेव्हा बाकीच्या गाड्यांचे भोंगे एकदम वाजायला लागले आणि पंपवाल्यांच्या कठड्यावरच्या दोन कुंड्या खाली आल्या. मी बाहेर आलो तर पंपवाले वरून ओरडले, "अहो, कसला कॅमशाफ्ट बसवलात हा?" ज्यानं मोठ्यातला मोठा घ्या म्हणून सांगितलं, तोच! मी वर बघितलं. माझ्या मनात त्या वेळी जे आलं ते शिक्षकाला शोभणारं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चेअरमनची चिठ्ठी. इंजिनात बदल केला असल्यास त्याची वाहन तपासणी कार्यालयात नोंद केल्याशिवाय गाडी आवारात लावता येणार नाही. सोमवार चार दिवसांवर आला होता. मी शाळेतून रजा काढली आणि गाडी घेऊन कार्यालयात गेलो.

खिडकीतल्या बाईंनी वर न बघता विचारलं, "बदल कसला? रंग, मालक की इंधन?"

"कॅमशाफ्ट."

"रंग, मालक की इंधन?"

"बाई, इंजिनाच्या आतला भाग बदललाय."

"मग साहेबांकडे."

साहेबांनी गाडीभोवती एक फेरी मारली, चाकाला लाथ घातली आणि म्हणाले, "दाखवा."

"तो आत असतो."

"मग उघडा."

"उघडलं तर गाडी बंद पडेल."

"बंद गाडी आम्ही तपासत नाही."

"चालू गाडीत तो दिसत नाही."

"मग तपासायचं काय?" साहेब माझ्यावर ओरडले. माझ्यावर! त्यांचा नियम, त्यांचं कार्यालय, आणि ओरडायचं माझ्यावर. मी चष्मा काढला. साहेबांनीही काढला. आम्ही दोघं काही न दिसता बराच वेळ एकमेकांकडे रागानं बघत उभे राहिलो.

त्यात धुराची तपासणी निघाली. ती गाडी जागेवर शांत उभी असताना करायची असते. शांत उभं राहणं माझ्या गाडीला माहीत नव्हतं. तिच्या मागे नळी धरून बसलेल्या माणसाला एकदा ठसका लागला, एकदा त्याची टोपी उडाली. मी उस्तादला फोन लावला, उस्तादनं लॅपटॉपवाल्याला पाठवलं, त्यानं गाडीच्या कानात काही तरी कुजबुजलं आणि तिसऱ्या खेपेला ती काठावर पास झाली. राहिली नोंद. खिडकीतल्या बाई संध्याकाळी घरी जायला निघाल्या होत्या. माझं तोंड बघून त्यांना काय वाटलं कोण जाणे. पर्स खाली ठेवून म्हणाल्या, "जुना कसा होता?"

"कसा म्हणजे? झिजलेला."

"रंगानं."

"काळपट."

"आणि नवा?"

"चकचकीत."

"मग रंग बदलला ना? असं आधी सांगायचं," असं म्हणून त्यांनी शिक्का मारला.

हा एवढाच एक माणूस या सगळ्या प्रकरणात माझ्याशी नीट वागला, पण तोपर्यंत मी इतका तापलो होतो की आभार मानायचे राहून गेले. त्याचंही मला वाईट वाटतं, आणि वाईट वाटलं की मी आणखी चिडतो.

रविवारी दुपारी मी आतल्या खोलीत गेलो तर ही पिशवी भरत होती. दोन चादरी, उशीचा अभ्रा, छोटं पातेलं, चहाचा कप. कप एकच होता.

"ही पिशवी कशाला?"

"असू दे. गाडीचा भरवसा नाही. खोलीची किल्ली उद्या हवी की नको ते सांगायचंय त्यांना."

"गाडीला काय धाड भरलीय? शर्यतीची गाडी आहे ती!"

"तेच म्हणते मी," ही म्हणाली आणि कपाला वर्तमानपत्र गुंडाळू लागली. मला तो कप तिच्या हातातून ओढून घ्यावासा वाटला. तिला म्हणावंसं वाटलं की जाऊ नकोस. तेवढे दोन शब्द काही तोंडातून निघाले नाहीत. त्यांच्याऐवजी, "उशीला अभ्रा घेतेस आणि उशी विसरतेस, कमाल आहे!" हे मात्र खड्या आवाजात निघालं. तिनं उशीही घेतली.

सोमवारी पहाटे आम्ही निघालो. गाडी ही पण चालवते, परवाना आहे. पण शेजारी बसून मी सूचना देतो आणि त्या तिला आवडत नाहीत, म्हणून मीच चालवतो. हिच्या कौतुकासाठी मेव्हणी आणि साडूही यायचे होते, ते मागाहून निघणार होते. सपाटीवर निभावलं. डोंगराचा चढ सुरू झाला आणि पुढे विटांनी भरलेला ट्रक लागला. तो माणूस चालतो त्या वेगानं चालला होता. नेमका तो वेग माझ्या गाडीला चालत नव्हता. हिसके, थरथर, आणि बंद. सुरू केली, बंद. मागे गाड्यांची रांग आणि भोंगे. ही घड्याळाकडे बघत नव्हती. ती बघत नाही याचाच मला जास्त त्रास होत होता.

"अ‍ॅक्सिलरेटरवर थोडा पाय द्या ना," ती म्हणाली.

"वळण आहे! वळणावर पाय देतात का?"

तिसऱ्यांदा गाडी बरोबर वळणात बंद पडली आणि मागच्या टेम्पोवाल्यानं भोंग्यावर हात ठेवला तो काढलाच नाही. झालं. महिनाभराचा सगळा राग, उस्तादचा, पंपवाल्यांचा, चेअरमनचा, साहेबांचा, एका क्षणी वर आला. मी दार उघडून उतरलो, टेम्पोपाशी गेलो आणि त्या माणसाला भोंगा, रस्ता, संस्कार आणि डोंगरांची निर्मिती या विषयांवर चांगलं सुनावलं. तो ऐकतही होता. मध्येच त्याची नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे गेली आणि तो म्हणाला, "काका, तुमची गाडी चालली."

मी वळलो. ही सरकून माझ्या जागी बसली होती. गाडी सुरू झाली होती. आणि मग मी जो आवाज ऐकला तो मी त्या गाडीतून कधी ऐकला नव्हता. तिनं पाय दिला होता. काटा चार हजारांच्या पार गेला असणार, कारण ती अडखळणारी, खोकणारी, चौघांनी ढकललेली गाडी एकदम ताठ झाली, शिट्टीसारखा आवाज करत ट्रकच्या बाजूनं निघाली आणि वळणापलीकडे दिसेनाशी झाली.

"थांब! अगं, थांब!" मी धावलो. पन्नाशी उलटलेला भूगोलाचा शिक्षक, घरच्या सपाता, डोंगराचा रस्ता. विटांच्या ट्रकला मात्र मी मागे टाकलं.

पुढच्या वळणावर दमून उभा होतो तेव्हा शेजारी आवाज न करता एक गाडी येऊन थांबली. साडू. काच खाली झाली. मला वाटलं आता हा बोलणार. पण त्यानं नुसतं मागचं दार उघडलं. सबंध रस्ताभर तो एक शब्द बोलला नाही, आणि हॉस्पिटल दिसू लागल्यावर त्यानं न वळता मागे पेपरमिंटची गोळी धरली. मी ती घेतली आणि चघळली. एखाद्यानं भर चौकात थोबाडीत मारली असती तरी मला इतकं लागलं नसतं.

हॉस्पिटलच्या आवारात माझी गाडी दोन गाड्यांची जागा अडवून तिरकी उभी होती. वरच्या कार्यालयात ही टेबलाशी उभी राहून सही करत होती. प्रमुख म्हणून पहिली सही. केस विस्कटलेले, गाल लाल. कारकून हातात किल्ली घेऊन विचारत होता, "मॅडम, खोलीचं काय करायचं?"

मी दारातच थांबलो. जिना चढून लागलेली धाप होती, पण मी श्वास धरला. मागच्या सीटवर ती पिशवी होती. उशीही होती.

"नको," ही म्हणाली. "रोज जाऊन-येऊन करीन. गाडी छान आहे."

मग मी दिसल्यावर म्हणाली, "अहो, तुम्ही फार हळू चालवता तिला. पाय दिला की पळते."

"मला रस्त्यात सोडून आलीस!"

"थांबले असते तर बंद पडली असती. मग सात वाजून गेले असते."

मी इतका चिडलो होतो आणि मला इतका आनंद झाला होता की दोन्ही मिळून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. साडूनं ते बघितलं. त्याला मी ती गोळी फार तिखट आहे असं सांगितलं.

तेव्हापासून गाडी हिच्याकडे आहे. मी शाळेत बसनं जातो. संध्याकाळी ही डोंगर उतरून येते आणि कॉलनीच्या चढाला लागताना पाय काढत नाही, कारण काढला की गाडी बसेल. सगळी इमारत हादरते. पंपवाल्यांनी कुंड्या घरात घेतल्या. मला विचाराल तर तो आवाज अत्यंत वाईट आहे, आणि मी रोज पाचपासून खिडकीशी उभा असतो.

परवा चेअरमन आले. हातात तक्रारीचा कागद, खाली सह्या, पहिली सही पंपवाल्यांची. मी दार उघडलं ते मुळात चिडूनच, कारण ही अजून आली नव्हती. रोजची वेळ टळून बराच वेळ झाला होता. फोन लागत नव्हता.

"सर, हा रोजचा आवाज आता बंद झाला पाहिजे," चेअरमन म्हणाले.

"आज आला का?"

त्यांनी आठवून पाहिलं. "आज... नाही."

"मग? आज काय तक्रार आहे तुमची? या, आत या. खुर्चीवर बसा. तुम्हाला तो नको आहे ना? बघा, कसं शांत आहे. बसा आणि ऐका."

ते बसले. मी पण बसलो. घड्याळ तेवढं टिकटिक करत होतं. चेअरमननी कागद मांडीवर ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला. मग हळूच म्हणाले, "रस्त्यात काही काम चालू असेल." थोड्या वेळानं ते उठून खिडकीपाशी गेले आणि तिथेच उभे राहिले. वरच्या खिडकीतून पंपवाले त्यांना विचारत होते, "आल्या का हो?"

आणि मग खाली, चढाच्या अगदी पायथ्याशी, तो आवाज सुरू झाला. काचा थरथरल्या. तळघरातले भोंगे वाजले.

"आल्या!" चेअरमन ओरडले. मग कागदाची आठवण होऊन त्यांनी खाकरल्यासारखं केलं.

मी उठून त्यांच्या हातातला कागद घेतला आणि चहाचं आधण ठेवायला आत जाता जाता म्हणालो, "इतका वेळ माझी तक्रार चालू होती. ती मिटली. आता तुमची सांगा."